देवाचं निमित्त न सांगता रविवारी जोडीनं कुठं जावं? (चांदूर बाजार – परतवाडा भागातून)

वऱ्हाडातली_सून

नमस्कार मंडळी. चांदूर बाजार तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. लग्न वैशाखात झालं, माहेर खामगावकडचं. तालुक्याला ऑनलाइन फॉर्म भरून द्यायच्या दुकानात काम करते. पीक विमा, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, जे येईल ते. रविवारी सुट्टी असते. यांची शेती आहे, संत्रा आणि थोडी कपाशी-तूर. शेतीला रविवार कळत नाही, तरी आठवड्यातला एक अर्धा दिवस आपल्या दोघांचा ठेवायचा असं आम्ही ठरवलं होतं.

ठरवलं आम्ही. घरानं कुठं ठरवलं होतं!

आमच्या घरचं वातावरण आधी सांगते, नाहीतर तुम्ही मला नास्तिक म्हणाल किंवा सासूबाईंना छळवादी. दोन्ही नाही. मी गजानन महाराजांची. लहानपणापासून गुरुवारी पोथीचा एक अध्याय, एकवीस झाले की पुन्हा पहिल्यापासून. इथं आल्यावरही ते सुटलं नाही. सासरे गुरुदेव सेवा मंडळाचे. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, खंजिरी खुंटीला टांगलेली, आणि दरवर्षी तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीला जायचंच. सासूबाईंचे मात्र सगळे देव: बहिरम, सालबर्डीचा महादेव, अंबा-एकवीरा, घरच्या महालक्ष्म्या. आमचे हे देवाला हात जोडतात, पण रांगेत उभं राहायचं म्हटलं की त्यांचे पाय दुखतात. शेतात दिवसभर दुखत नाहीत, ते वेगळं.

तर अडचण अशी की आमच्याकडे नव्या जोडप्यानं घराबाहेर पडायचं कारण एकच, देवाला जायचं. देवाला म्हटलं की कोणी अडवत नाही, उलट डबा बांधून मिळतो. नुसतं हवा खायला म्हटलं की सासूबाई ओरडत नाहीत, चिडत नाहीत, फक्त विचारतात, "काऊन?" म्हणजे का म्हणून? आता या काऊनला काय उत्तर द्यायचं? घरी भांडण आहे का? नाही. जेवायला मिळत नाही का? मिळतं. मग काऊन?

आणि देवाला जायचं ठरलं की ती आमची दोघांची वारी राहत नाही. "गाडी चाललीच हाये तं शेजारच्या काकूले घ्या, तिचा नवस राहिला हाये." मग काकूंची सून, तिचं पोट्टं, मावशी. शेगावला गेलो तेव्हा हे पुढं ड्रायव्हरजवळ, मी मागं मांडीवर कोणाचं तरी लेकरू घेऊन. दर्शन मस्त झालं, खोटं बोलणार नाही. महाप्रसादाच्या पंगतीतही बसलो, पण बायकांची ओळ वेगळी धरली. स्टेशनाजवळ कचोरी खायची असं आम्ही दोघं घरून बोलून निघालो होतो. काकूंना चतुर्थी होती, त्यामुळे गाडी थांबलीच नाही.

यांनी तोडगा काढला आहे. म्हणतात, "मुक्तागिरीले जातो म्हण आणि चिखलदऱ्याले जाऊ. दोन्हीले रस्ता परतवाड्यावरूनच हाये." मला हे पटत नाही. चिखलदऱ्याला जायला माझी ना नाही, भीमकुंड पाहायची कधीपासून इच्छा आहे. पण देवाचं नाव घेऊन खोटं बोलायचं आणि गुरुवारी त्याच तोंडानं पोथी वाचायची? हे म्हणतात, देवाला एवढा वेळ नसतो. असेल नसेल, मला आहे ना.

बरं, तारखाही पाहा. पोळा झाला. आता महालक्ष्म्या, माझ्या पहिल्याच, त्यामुळे त्याच्या आधी गाव सोडायचं नाव नको. त्यानंतर पितरपाट, त्यात सासूबाई कुठं जाऊ देत नाहीत. मग नवरात्र, अमरावतीला अंबादेवी, पुन्हा गाडी भरून. त्यानंतर सोयाबीन, कापूस, संत्र्याचे व्यापारी. मला तर दिवाळीपर्यंत एकही रविवार दिसत नाही.

म्हणून विचारते. स्प्लेंडरवर सकाळी निघून दिवे लागायच्या आत घरी येता येईल असं कुठं जावं, जिथं मला हात जोडायला जागा असेल आणि यांना चालायला डोंगर? आणि "आम्ही दोघंच चाललो" हे वाक्य घरात कसं म्हणतात? तुमच्या घरी कोणी म्हटलं असेल तर अगदी शब्दासकट सांगा.

संत्र्याचा_बाग_मोर्शी

ताई, मी मोर्शीकडचा, संत्र्याचाच माणूस. आधी तुमच्या मालकाच्या बाजूनं बोलतो. आंबिया बहाराची फळगळ चालू हाये सध्या. झाडाखाली रोज सडा पडून राह्यला. असा माणूस सकायी बाग सोडून फिराले निंगाला तं त्याचं ध्यान बागेतच राहते, तुमी कितीबी भीमकुंड दाखवा. फवारणी झाली का त्याच्या नंतरचा रविवार धरा. मंग मन मोकयं राहते.

आता जागा. सालबर्डी पाह्यली का? महाराष्ट्र-मध्य प्रदेशच्या शिवेवर हाये. महादेव भुयारात हाये, वर डोंगर चढून जा लागते. महाशिवरात्रीले तिथं पाय ठेवाले जागा नसते, पण बाकी वर्षभर शांत. तुमाले महादेव, मालकाले सातपुडा. पण पाऊस जोरात असला तं जाऊ नका, नदीचा भरोसा नाही. पाऊस उघडल्यावर दोन-चार दिवसांनी जा.

दुसरं, मालक मुक्तागिरी म्हणून राह्यले तं मुक्तागिरीच करा नं बाप्पा! खोटं काऊन बोला लागते? परतवाड्यावरून बैतूल रोडनं गेलं का फाटा लागते. जैनांचं सिद्धक्षेत्र हाये, बावन्न मंदिरं, डोंगराच्या कडेनं पायऱ्या, आन् पावसाच्या दिवसांत मंदिराच्या बाजूनंच धबधबा कोसयते. जिल्हा बैतूल लागते, पण आपल्या इकडची माणसं जातातच. तिथं डबा घेऊन वर जाऊ नका, खाणंपिणं खाली आल्यावर. चिखलदऱ्याले रविवारी घाटात गाड्याईची रांग राहते. मुक्तागिरीले तेवढी गर्दी नाही.

वाक्याचं मले काही माहीत नाही. आमी म्हणत नाही, गाडीले किक मारतो.

स्पष्टच_बोलतो

मूळ मुद्दा कोणी बोलत नाही. नवराबायकोनं फिरायला जायला देव मध्ये लागतोच कशाला? ज्या जिल्ह्यात गाडगेबाबा जन्मले तिथं हे विचारावं लागतं याचंच नवल. बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या, पण देऊळ एकही नाही. बहिरमच्या जत्रेत कोंबडी-बकरी कापू नका म्हणून झटले. १९५६ च्या डिसेंबरात त्यांनी देह ठेवला तो वलगावजवळ, पेढी नदीपाशी. तुम्ही अमरावतीला जाता तेव्हा तोच रस्ता लागतो. ताई, सरळ सांगा, चिखलदऱ्याला चाललो. नको त्या ठिकाणी देव घुसवू नका.

वऱ्हाडातली_सून

@स्पष्टच_बोलतो: दादा, वलगावचं माहीत आहे. सासरे तिथून जाताना प्रत्येक वेळी सांगतात. पण देव मी घुसवत नाही, तो माझ्यासोबत आहेच. मला फक्त परवानगीच्या कागदावर त्याची सही नको. एवढाच फरक आहे, आणि तो मला मोठा वाटतो.

@संत्र्याचा_बाग_मोर्शी: भाऊ, गळतीचं बरोबर बोललात. मागच्या रविवारी आम्ही बांधावर बसलो होतो, मी बोलत होते आणि हे खाली पडलेली फळं मोजत होते. किक मारायचं यांना वाचून दाखवलं, फार खूश झाले.

अचलपूरच्या_बाई

बाळा, तुझ्या सासूच्या वयाची असेन. प्राथमिक शाळेत होते, आता निवृत्त आहे. तुझा प्रश्न वाचून हसू आलं आणि थोडा रागही आला, तुझ्यावर नाही.

आमच्या लग्नानंतर मी आणि गुरुजी (आमचे हेही शिक्षकच) दोघंच पहिल्यांदा बाहेर पडलो ते शेगावला. अचलपूरवरून शकुंतला, म्हणजे छोट्या लाईनची रेल्वे, पकडायची, मूर्तिजापूरला उतरायचं आणि तिथून मोठ्या लाईनची गाडी. आता ती शकुंतला बंद आहे. तेव्हा अचलपूर ते मूर्तिजापूर चार तास लागायचे, कधी जास्तही. गाडी इतकी हळू की एखादा उतरून बोरं तोडून पुन्हा चढायचा. ते चार तास म्हणजे आमचं सगळं बोलणं. घरात सासू, सासरे, दीर, जावा, एक खोली आणि ओसरी. नवऱ्याशी दिवसा बोलायचं म्हणजे पाणी पाहिजे का, एवढंच. देवाला निघालो म्हणूनच ते चार तास मिळाले. मी महाराजांच्या पाया पडताना मनात त्याचेच आभार मानले होते, आणि महाराज रागावले असतील असं मला आजही वाटत नाही.

तू म्हणतेस देवाच्या नावावर खोटं नको. बरोबर आहे. पण तुझ्या सासूला ते खोटं वाटतच नसेल हे लक्षात घे. आमच्या पिढीच्या बाईला बाहेर जायला दुसरा दरवाजाच नव्हता. बहिरमची जत्रा, सालबर्डी, नवरात्रात अमरावती, मोझरीची पुण्यतिथी, याच आमच्या सहली. बहिरमला बैलगाडीनं जायचो, तिथं गोवऱ्यांवर रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी, वरण. बायका तिथं जेवढ्या मोठ्यानं हसायच्या तेवढ्या गावात वर्षभर हसत नव्हत्या. म्हणून ती शेजारच्या काकूला गाडीत बसवते. तुझा रविवार मोडायचा तिचा हेतू नाही. काकूला तेवढंच बाहेर पडायला मिळतं हे तिला माहीत आहे.

आता उपाय सांगते. काकूंना तुमच्या गाडीतून उतरवायचं असेल तर त्यांची वेगळी गाडी लावून दे. तू ऑनलाइन कामं करतेस, तुला सोपं आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, साधी गाडी असो की शिवशाही. पंच्याहत्तरच्या वरच्यांना तर फुकट. सासूबाई, काकू, मावशी, अशा चार-पाच जणींची कौंडण्यपूरची सहल तू जुळवून दे. रुक्मिणीचं माहेर आहे ते, वर्धा नदीचा काठ, आणि तिथून पंढरपूरला पालखी जाते. बायकांना तिथं गेलं की माहेरी गेल्यासारखं होतं. बस कुठं बदलायची, परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे सगळं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दे. तू सोबत जाऊ नकोस. पुरुषही नको. एकदा त्या अशा स्वतःच्या स्वतः जाऊन आल्या की तुमच्या गाडीत बसायला त्यांनाच कंटाळा येईल.

वाक्य शब्दासकट मागितलंस ना? मी माझ्या सुनेकडून ऐकलेलं सांगते. तिनं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं, आणि तेही आदल्या दिवशी भाजी निवडताना: "आई, उद्या आम्ही दोघं फिरायला जाणार आहोत, सातपर्यंत येतो, भाकरी मी आल्यावर टाकीन." मी "का?" विचारलं. ती म्हणाली, "मला त्यांच्यासोबत जावंसं वाटतं." त्यावर मी काय बोलणार?

खामगावचा_पाहुणा

तुमच्या माहेरकडचाच आहे. शेगावबद्दल थोडं. महाराजांनी १९१० साली ऋषिपंचमीला समाधी घेतली. म्हणजे तुम्ही ज्या महालक्ष्म्यांचं म्हणता त्याच्या एक-दोन दिवस आधीच तिथं उत्सव असतो, पालख्या आणि दिंड्यांची प्रचंड गर्दी. त्या आठवड्यात तर नकोच. गुरुवार आणि सुट्टीचा रविवारही दोघांना शांतपणे बसायला बरा नाही. कामाचा एखादा दिवस सुट्टी टाकून जा, मंगळवार-बुधवार.

मोटरसायकलनं तुमच्या गावावरून शेगाव एका दिवसात जाऊन येणं म्हणजे कमरेची वाट. बडनेऱ्यावरून रेल्वे धरा, मूर्तिजापूर, अकोला, शेगाव. आम्ही दोघं एकदा असं केलं: पहिल्या दिवशी शेगाव, रात्री संस्थानच्या भक्त निवासात, दुसऱ्या दिवशी सकाळी लोणार. भक्त निवासात ओळखपत्र लागतं, दोघांचंही आधार सोबत ठेवा. नवीन लग्न असेल आणि तुमच्या आधारवर अजून माहेरचं नाव असेल तरी अडत नाही, पण विचारपूस होते तेव्हा लाजू नका.

लोणारला दैत्यसूदनाचं मंदिर गावात आहे, त्याची कोरीव भिंत पाहायला तुमच्या मालकांना अर्धा तास द्या. मग गोमुखाची धार आणि तिथून खाली सरोवर. उल्केच्या आघातानं बेसॉल्टमध्ये झालेलं विवर, काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं, खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे, आणि त्याच वर्षी ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. खाली उतरायला जंगलातली वाट आहे. तुमच्या मालकांचे पाय तिथं दुखणार नाहीत असं वाटतं. ज्यांना रांगेत उभं राहवत नाही त्यांना काठावरून नुसतं चालवावं, माणूस आपोआप गप्प होतो.

कचोरीचं मात्र वाईट वाटलं. पुढच्या वेळी काकूंची चतुर्थी पंचांगात बघूनच निघा.

स्पष्टच_बोलतो

बाईंचं वाचलं. देव घुसवू नका म्हटलं ते मागे घेत नाही, पण बायकांची एसटीची सहल ही कल्पना एक नंबर आहे. आमच्या आईला दाखवतो.

वऱ्हाडातली_सून

उशिरा लिहिते आहे. महालक्ष्म्यांचं आवरून कंबर मोडली आहे. आंबील, सोळा भाज्या, पुरण, आणि जेवायला अख्खी गल्ली.

बाईंचं वाक्य मी शब्दासकट म्हटलं, फक्त भाजीऐवजी महालक्ष्म्यांचे मुखवटे कापडात गुंडाळताना. सासूबाईंनी अपेक्षेप्रमाणे "काऊन?" विचारलं. मी सांगितलं की यांच्यासोबत जावंसं वाटतं. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पितरपाट लागून राह्यला." मी म्हटलं, देवाला जात नाही आहे, फिरायला जाते आहे, फिरायला पितरपाटाचं काय? यावर त्यांच्याकडे खरंच उत्तर नव्हतं. सगळे नियम देवाला जायचे होते, नुसतं फिरायला जायचा नियम कोणी केलेलाच नाही! सासरे ओसरीवर प्रार्थनेची सतरंजी झटकत होते, ते एवढं हसले की त्यांना ठसका लागला.

पण सासूबाईही सासूबाईच आहेत. त्यांनी सौदा केला. पौषात त्यांना बहिरमला न्यायचं, पुरा दिवस, रोडग्याचं सामान घेऊन, आणि तिथं मी "दुकानात काम आहे" म्हणायचं नाही. मान्य केलं. कौंडण्यपूरच्या एसटीचं काढलं तर आधी म्हणाल्या, "आमी बायाबाया? हरवून जाऊ." दोन दिवसांनी काकूच कागद मागायला आल्या. परतीची गाडी लाल पेनानं लिहून दिली आहे. सर्वपित्री झाल्यावर जायचं म्हणतात.

आमचं ठरलं ते मुक्तागिरी. खरोखरची मुक्तागिरी, चिखलदरा नाही. यांची थोडी निराशा झाली, पण परत येताना परतवाड्यात गरम आलूबोंडा-तर्री खाऊ घालीन असं कबूल केलंय. फवारणी शुक्रवारी आहे, म्हणजे मोर्शीच्या भाऊंच्या हिशोबानं रविवार बसतो. चिखलदरा हिवाळ्यात, कापसाची पहिली वेचणी झाल्यावर, आणि तेव्हाही चिखलदरा म्हणूनच.

एकच विचारायचं राहिलं. मागचा टायर गुळगुळीत झाला आहे. मुक्तागिरीच्या फाट्यापासूनचा रस्ता ओला असेल तर त्यावर जावं का, की आधी टायर बदलावा?

संत्र्याचा_बाग_मोर्शी

बदला बाप्पा, बदला. संत्रा यंदा चांगल्या भावानं जाईल तं पैसे निंगून येतील. परतवाड्यात घ्यायचा तं रविवारी दुकानं बंद राहू शकतात, शनवारीच घ्या.